विद्यापीठांचे लघु उपग्रह : प्रस्तावना

अवकाशात एकदाही चालून न गेलेले उपकरण आपल्या उपग्रहावर बसवण्यास कोणताही जबाबदार प्रकल्पप्रमुख सहजासहजी राजी होत नाही, आणि कोणीच ते बसवत नाही म्हणून ते अवकाशात चालते की नाही याचा दाखलाही कधी मिळत नाही. प्रचंड द्रव्य खर्चून, दहा-पंधरा वर्षे अखंड चालावा या अपेक्षेने बांधलेल्या दळणवळणाच्या उपग्रहावरील एखादी अपरीक्षित झडप अडकली किंवा नव्या घडणीचा सौर घट निकामी ठरला, तर तो दुरुस्त करायला वर कोणी जाऊ शकत नाही. तेव्हा अशा प्रमुखाने जुन्या, कसाला उतरलेल्या भागांचाच आग्रह धरावा हे त्याच्या पदाचे कर्तव्यच होय. मात्र सर्वांनीच हे कर्तव्य निष्ठेने बजावले तर नवे असे काहीच वर जाणार नाही. अवकाशयुगाच्या आरंभापासून या शास्त्राच्या वाटेत उभा असलेला हा पेच सोडवण्याचा एक मार्ग गेल्या साठ वर्षांत हळूहळू आखला गेला, आणि तो आखण्यात सरकारी खात्यांइतकाच, काही बाबतींत त्यांच्याहूनही अधिक, वाटा विद्यापीठांतील प्राध्यापकांचा आणि पदवीही हाती न आलेल्या विद्यार्थ्यांचा आहे. त्या मार्गाची मराठी वाचकास साद्यंत ओळख करून द्यावी, या हेतूने प्रस्तुत ग्रंथ सिद्ध झाला आहे.

या गोष्टी जमिनीवरच्या प्रयोगशाळेत तपासता येणार नाहीत काय, अशी शंका नवख्या वाचकास येणे स्वाभाविक आहे. पुष्कळ गोष्टी तपासता येतात. कंपनमंचावर बसवून उपग्रहाला प्रक्षेपणाच्या वेळचे हादरे देता येतात, निर्वात पात्रात ठेवून त्याला आळीपाळीने तापवता व गोठवता येते, कणत्वरकासमोर धरून त्यातील इलेक्ट्रॉनिक भागांवर प्रारणांचा माराही करता येतो. परंतु या सर्व परीक्षा एकेकट्या घ्याव्या लागतात, आणि कक्षेत मात्र त्या एकाच वेळी, न थांबता चालू असतात. 500 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे 7.6 किलोमीटर वेगाने जात दर 94-95 मिनिटांनी पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतो, म्हणजे दिवसातून पंधरा वेळा तो कडक उन्हातून सावलीत आणि सावलीतून पुन्हा उन्हात येतो. त्या उंचीवर विरळ उरलेला आण्विक ऑक्सिजन त्याच्या प्लास्टिकच्या आवरणांना सावकाश खात राहतो. दक्षिण अटलांटिक महासागरावरून जाताना, जेथे पृथ्वीचे प्रारणपट्टे खाली झुकलेले आहेत, एखादा भारित कण स्मृतिकोशातील शून्याचा एक करून जातो, किंवा एखाद्या चिपमध्ये असा विद्युत्प्रवाह सुरू करून देतो की तो तत्काळ तोडला नाही तर ती चिप जळते. भरीस भर म्हणून वजनाचा अभाव असतो. रिळावर गुंडाळलेली तार किंवा घडी घातलेले पातळ पटल गुरुत्वाकर्षणाखाली जसे उलगडते तसे तेथे उलगडत नाही, आणि हे वर्तन जमिनीवर नेमके वठवण्याची सोय कोणापाशीही नाही. शेवटची परीक्षा कक्षेतच द्यावी लागते. ती स्वस्तात, लवकर आणि अपयशाची मुभा ठेवून कोणी द्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

विद्यापीठे या क्षेत्रात अलीकडे आली, असा जो समज आढळतो तो खरा नाही. अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावर, 1958 च्या आरंभी सुटलेल्या एक्सप्लोरर-1 वर, जे उपकरण होते ते आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांचे, आणि पृथ्वीभोवतीच्या ज्या प्रारणपट्ट्यांचा वर उल्लेख केला त्यांचा शोध त्यातूनच लागला. त्याच विद्यापीठाने पुढे स्वतः बांधलेला इंजन-1 हा उपग्रह 29 जून 1961 रोजी दुसऱ्या एका मोठ्या उपग्रहाचा सहप्रवासी म्हणून वर गेला, आणि सोबतच्या आणखी एका उपग्रहापासून विलगच न होता त्याला चिकटून फिरत राहिला. तशा अवस्थेतही त्याने मोजमापे पाठवली. सहप्रवाशाचे दुय्यम स्थान, विलग होण्याच्या क्षणाची अनिश्चितता आणि अर्धवट यशातूनही जमेल तेवढे ज्ञान काढून घेण्याची चिकाटी ही विद्यापीठीय उपग्रहांची तिन्ही लक्षणे त्या पहिल्याच उदाहरणात दिसतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील हौशी रेडिओचालकांनी आपला ऑस्कर-1 कक्षेत पाठवला, आणि मोर्स लिपीतील दोनच अक्षरे पुनःपुन्हा उच्चारणाऱ्या त्या लहानशा प्रेषकाने जगभरच्या हौशी मंडळींना आकाशाकडे कान लावायची सवय लावली. ती सवय आजही विद्यापीठांच्या उपयोगी पडते. एखाद्या महाविद्यालयाचा उपग्रह सुटला की त्याची पहिली हाक बहुधा त्या महाविद्यालयाला ऐकू येत नाही. दूरदेशीचा कोणी अनोळखी रेडिओचालक ती आधी ऐकतो आणि कळवतो.

यानंतरचा मोठा टप्पा इंग्लंडातील सरे विद्यापीठाचा. मार्टिन स्वीटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक भाग घेऊन बांधलेला यूओसॅट-1 हा उपग्रह 6 ऑक्टोबर 1981 रोजी कक्षेत गेला. पुढच्या वर्षी असे घडले की एका चुकीच्या आज्ञेने त्यावरील दोन्ही प्रेषक एकाच वेळी चालू राहिले, आणि त्यांच्या कोलाहलात जमिनीवरून पाठवलेली कोणतीही आज्ञा उपग्रहाच्या ग्राहकाला ऐकू येईना. कित्येक महिने तो असा बधिर होऊन फिरत होता. अखेर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डजवळच्या 150 फूट व्यासाच्या थाळीतून अतिप्रबळ संदेश पाठवून सप्टेंबर 1982 मध्ये तो ताब्यात आणण्यात आला, व पुढे 1989 पर्यंत त्याने काम केले. हा प्रसंग ग्रंथात सविस्तर आला आहे, कारण आपल्याच आवाजाने आपले कान बंद होऊ नयेत म्हणून आज बहुतेक लघु उपग्रहांत आपोआप प्रेषक बंद करणारी जी घड्याळे ठेवतात, त्यांची गरज अशा अनुभवांतूनच पटत गेली. दुसरा उपग्रह सरेने सुमारे सहा महिन्यांत बांधून मार्च 1984 मध्ये उडवला, आणि 1985 मध्ये विद्यापीठाच्या अंगणातच एक कंपनी काढली, जिचा व्यवसाय आज जगभर पसरला आहे.

1999 मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी यांनी क्यूबसॅटचा मसुदा मांडला : दहा सेंटिमीटर बाजूचा घन, आणि वजन सुमारे एक किलोग्रॅम. या घनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. माझ्या मते खरी कल्पकता घनापेक्षा त्याला सामावून घेणाऱ्या पेटीत होती. प्रक्षेपकाच्या मालकाला विद्यार्थ्यांच्या डाखकामावर विश्वास ठेवण्याचे काहीच कारण नसते. त्याला चिंता एवढीच की आपल्या मुख्य उपग्रहाला या पोरांच्या वस्तूने धक्का पोचू नये. स्प्रिंगचे झाकण असलेली ती धातूची पेटी एकदा रीतसर तपासून मान्य झाली की आत कोणाचा उपग्रह आहे याची तो फारशी फिकीर करीत नाही. आतला उपग्रह पेटीतून बाहेर पडल्यावरही अर्धा तास आपल्या तारा उलगडत नाही आणि त्यानंतरही काही वेळ बोलत नाही, असा शिरस्ता पुढे घालून देण्यात आला. या मसुद्याप्रमाणे बांधलेले पहिले घन 30 जून 2003 रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून उडाले. त्यांत टोकियो विद्यापीठाचा, टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, डेन्मार्कमधील दोन संस्थांचा आणि टोरांटोचाही एकेक होता. तीनच वर्षांनी, 26 जुलै 2006 रोजी, नेपर प्रक्षेपक कोसळून एका दमात चौदा क्यूबसॅट नष्ट झाले, आणि कित्येक विद्यापीठांची अनेक वर्षांची मेहनत मिनिटाभरात गेली. त्यांपैकी बऱ्याच जणांनी पुन्हा कामास आरंभ केला, हे या इतिहासातील विशेष नोंदण्याजोगे वृत्त आहे.

या कार्यात निरनिराळ्या परंपरा निर्माण झाल्या आहेत. उपग्रह हे शिक्षणाचे साधन आणि विद्यार्थी हेच त्याचे खरे फळ, असे मानणारी एक परंपरा आहे. सरेची परंपरा उपग्रहाकडे उद्योगाचे बीज म्हणून पाहते. टोकियो येथील शिनिची नाकासुका यांच्या मंडळींनी असा आग्रह धरला की विश्वसनीयता अनंत वाढवत नेण्यापेक्षा कार्याला पुरेल इतकीच साधावी व उरलेला खर्च आणि वेळ वाचवावा. वातावरणाचे किंवा आयनावरणाचे मोजमाप हाच हेतू धरणारेही अनेक आहेत. या ग्रंथाचा रोख मात्र नव्या तंत्राची कक्षेत परीक्षा घेणाऱ्या पाचव्या परंपरेकडे आहे, आणि तिच्या इतिहासाशी आपल्या श्रीहरिकोट्याचा घनिष्ठ संबंध आहे.

28 एप्रिल 2008 रोजी तेथून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी9 या प्रक्षेपकाने दहा उपग्रह कक्षेत सोडले. वर्तमानपत्रांत दहा या संख्येचाच गाजावाजा झाला. पण त्या दहांत नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचा डेल्फी-सी3 आणि टोरांटो विद्यापीठाचा कॅनएक्स-2 होते, आणि तंत्रपरीक्षेचा वस्तुपाठ म्हणून या दोहोंची योग्यता फार मोठी आहे. डेल्फी-सी3 वर नव्या प्रकारचे पातळ पापुद्र्याचे सौर घट आणि बिनतारी सूर्यसंवेदक तपासायचे होते. ही परीक्षा उन्हातच व्हायची असल्यामुळे त्याच्या कर्त्यांनी उपग्रहात बॅटरीच ठेवली नाही : सावलीत तो निजे, उन्हात जागा होई. बॅटरी हा लहान उपग्रहांचा सर्वांत दगा देणारा अवयव. तो समूळ गाळून टाकण्याचे धाडस ज्यांनी केले त्यांचा उपग्रह 2023 च्या नोव्हेंबरात वातावरणात जळून जाईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ कक्षेत राहिला. उद्दिष्ट एकदा नेमके ठरले म्हणजे काय गाळता येते, याचे यापेक्षा सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. टोरांटोच्या मंडळींची दृष्टी अधिक दूरची होती. दोन उपग्रहांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, आपोआप, नेमक्या रचनेत उडवायचे तर जी शीतवायूची इंजिने आणि स्थाननिश्चितीची साधने लागतील त्यांची स्वतंत्र चाचणी त्यांनी आधी कॅनएक्स-2 वर घेतली, आणि सहा वर्षांनी, 30 जून 2014 रोजी, पुन्हा पीएसएलव्हीनेच गेलेल्या कॅनएक्स-4 आणि कॅनएक्स-5 या जोडीने ते संयुक्त उड्डाण यशस्वी करून दाखवले. जर्मनीतील व्यूर्झबुर्ग विद्यापीठानेही असाच पायरीपायरीने पाठपुरावा केला : 2005 च्या पहिल्या उपग्रहावर इंटरनेटच्या संदेशपद्धतीचा प्रयोग, 2013 च्या तिसऱ्यावर दिशास्थितीचे नियंत्रण, आणि 2018 च्या चौथ्यावर विद्युत्प्रणोदन, ज्याच्या जोरावर त्या एवढ्याशा घनाने आपली कक्षा बदलून दाखवली.

अपयशाचे उदाहरण एस्टोनियातील तार्तु विद्यापीठाचे घ्यावे. फिनलंडचे शास्त्रज्ञ पेक्का यानहुनेन यांनी अशी कल्पना मांडली की लांब, बारीक, विद्युत्भारित तारा पसरून सौरवाऱ्यातील भारित कणांचा रेटा पकडावा आणि इंधनावाचून प्रवास करावा. 7 मे 2013 रोजी सुटलेल्या, जेमतेम किलोभर वजनाच्या एस्टक्यूब-1 वर अशी दहा मीटर तार रिळावर गुंडाळलेली होती. कक्षेत रीळ फिरलेच नाही. प्रक्षेपणाच्या हादऱ्यांनी ते अडकले असावे, असा निष्कर्ष तार्तुच्या मंडळींनी काढला, आणि तो लपवून न ठेवता शास्त्रीय नियतकालिकांतून तपशीलवार छापला. त्यांचा दुसरा उपग्रह ऑक्टोबर 2023 मध्ये वेगा प्रक्षेपकापासून विलगच होऊ शकला नाही. दहा वर्षांचे दोन प्रयत्न आणि तार अजून उलगडायची आहे; तरीही, पहिल्या रिळाची कैफियत छापलेली असल्यामुळे, जगात जो कोणी यापुढे अशी तार गुंडाळील तो शून्यापासून आरंभ करणार नाही. ज्या अपयशाचा कागद मागे उरत नाही तेच खऱ्या अर्थाने वाया जाते, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि त्या मताची छाया या ग्रंथावर सर्वत्र पडलेली वाचकास दिसेल.

आपल्या देशात ही परंपरा उशिरा रुजली, तरी तिची पूर्वपीठिका दुर्लक्षण्याजोगी नाही. 19 एप्रिल 1975 रोजी सुटलेला 360 किलोग्रॅमचा आर्यभट बंगलोरजवळच्या पीण्या येथील कारखान्यांच्या शेडमध्ये, उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली, बहुतांशी तरुण आणि या कामी नवख्या अभियंत्यांनी बांधला. विद्युत्पुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग काही दिवसांतच थांबले, तरी उपग्रह बांधण्याची विद्या देशास प्राप्त झाली ती तेथेच. विद्यापीठांपैकी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने 40 किलोग्रॅमचा अनुसॅट 20 एप्रिल 2009 रोजी पाठवून आरंभ केला. पुढच्याच वर्षी बंगलोर व हैदराबाद येथील सात महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा एक किलोग्रॅमहून हलका स्टुडसॅट गेला, आणि 2011 मध्ये कानपूरच्या आयआयटीचा जुगनू आणि चेन्नईचा एसआरएमसॅट एकाच प्रक्षेपकातून गेले.

महाराष्ट्राचे वर्ष 2016. त्या वर्षी 22 जूनला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे 1854 पासून चालत आलेल्या सीओईपीचा, 990 ग्रॅमचा ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी34 ने इतर एकोणीस उपग्रहांसह कक्षेत गेला, आणि 26 सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीचा सुमारे दहा किलोग्रॅमचा ‘प्रथम’ गेला. आयनावरणातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे ‘प्रथम’चे उद्दिष्ट होते. ‘स्वयम्’ची रचना मात्र तंत्रपरीक्षेच्या दृष्टीने जवळून पाहण्याजोगी आहे. दहा सेंटिमीटरच्या घनाच्या एका बाजूवर पडणाऱ्या उन्हातून सौर घटांना जेमतेम दोन-अडीच वॅट शक्ती मिळते. तेवढ्यात संगणक, ग्राहक आणि प्रेषक चालवायचे, आणि शिवाय उपग्रहाचे तोंड एका दिशेला धरायचे. दिशा धरण्यासाठी फिरती चाके किंवा विद्युत्चुंबक वापरले तर त्यांना वेगळी वीज लागते. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी एक कायमचा चुंबक उपग्रहात बसवला, जो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घेतो, आणि त्याचे हेलकावे शमवण्यासाठी विशिष्ट मिश्रधातूच्या सळ्या ठेवल्या, ज्या दर हेलकाव्यागणिक थोडी गतिज ऊर्जा उष्णतेत घालवतात. या सगळ्याला विजेचा एक कणही लागत नाही. पृथ्वीवरच्या एका ठिकाणाहून संदेश घ्यावा, साठवावा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यावा, हे काम त्याच्याकडे सोपवले होते. त्याच महाविद्यालयाने पुढील उपग्रहासाठी सौर शिडाचा विषय निवडला. सूर्यप्रकाशाचा दाब पूर्ण परावर्तन करणाऱ्या पटलावरही चौरस मीटरला एका न्यूटनाच्या लाखाव्या हिश्शाहून कमी पडतो. म्हणजे एवढ्याशा उपग्रहातून कित्येक चौरस मीटरांचे, केसाहून पातळ शीड सुखरूप उलगडायचे, हा तार्तुच्या रिळाइतकाच दुर्घट प्रश्न विद्यार्थ्यांनी आपण होऊन अंगावर घेतला.

‘प्रथम’ला आणि ‘स्वयम्’लाही कल्पनेपासून प्रक्षेपणापर्यंत आठ-नऊ वर्षे लागली. अभियांत्रिकीचा विद्यार्थी महाविद्यालयात चार वर्षे असतो. ज्याने पहिला आराखडा काढला त्याने उड्डाण पाहिले ते नोकरीच्या गावी, आणि ज्याने भूकेंद्रावर बसून पहिला संदेश ऐकला तो आराखडा निघाला तेव्हा शाळेत होता. अमुक रोधक का बदलला, अमुक सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंदांची विश्रांती कोणी आणि कशासाठी घातली, हे जर फक्त एखाद्या शेवटच्या वर्षाच्या मुलाच्या डोक्यात असेल, तर तो मे महिन्यात वसतिगृह सोडतो त्या दिवशी ते ज्ञानही जाते, आणि नवी तुकडी तीच चूक पुन्हा, तेवढ्याच उत्साहाने करते. जगभरच्या विद्यापीठांच्या पहिल्या प्रयत्नांपैकी फार मोठा हिस्सा कक्षेत गेल्यावर मुका राहिला, याची कारणे पाहू जाता दुर्मिळ वैश्विक किरणांपेक्षा न घेतलेली सर्वांगीण तालीम, उड्डाणाच्या घाईत गाळलेली चाचणी आणि तुकड्या-तुकड्यांमध्ये तुटलेला धागा हीच पुनःपुन्हा आढळतात. सबंध उपग्रह जोडून, त्याला टेबलावर आठवडाभर कक्षेतल्याप्रमाणे चालवून पाहणे ही चाचणी सर्वांत स्वस्त, आणि तीच सर्वांत आधी बळी पडते. म्हणून विद्यापीठीय उपग्रहात ज्या तंत्राची सर्वांआधी परीक्षा होते ते हस्तांतराचे तंत्र होय : दफ्तर कसे ठेवावे, निर्णयांची रोजकीर्द कशी लिहावी, जाणाऱ्याने येणाऱ्याच्या शेजारी किती महिने बसावे. सौर शिडापेक्षा ही गोष्ट कमी आकर्षक खरी, पण तिच्यावाचून शीड उघडत नाही.

हा विषय आज तातडीचा का झाला, त्याला कारणे आहेत. 2020 मध्ये स्थापन झालेल्या इन-स्पेस या संस्थेमुळे आणि 2023 च्या अवकाश धोरणामुळे बिगरसरकारी संस्थांना मंजुरीचा राजमार्ग खुला झाला. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, जो पूर्वी उपग्रह सोडून झाल्यावर निरुपयोगी फिरत राही, त्याला सौरपत्रे व दिशानियंत्रण देऊन 2022 पासून प्रयोगमंच म्हणून वापरण्यात येऊ लागले, आणि 1 जानेवारी 2024 रोजी गेलेल्या अशा मंचावर तिरुअनंतपुरमच्या महिला अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उपकरणही होते. ज्या महाविद्यालयास सबंध उपग्रह पेलत नाही त्याला आता केवळ एक उपकरण बांधूनही कक्षेतली परीक्षा देता येते. नव्याने आरंभ करणाऱ्यांनी हा मार्ग आधी चोखाळावा, असा माझा सल्ला आहे, कारण वीज, दिशा आणि संदेशवहन यांची जबाबदारी तेथे मंचाकडे असते. दुसरीकडे कक्षांची गर्दी वाढत आहे. कार्य संपल्यावर पंचवीस वर्षांत उपग्रह खाली यावा, हा जुना दंडक आता अमेरिकेत पाच वर्षांवर आला आहे, आणि मृत घन पाठीमागे सोडून देणे विद्यापीठांनाही शोभणारे राहिलेले नाही. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील संस्थेने तर आपला 2009 मध्ये पीएसएलव्हीने गेलेला स्विसक्यूब परत खाली आणण्याची योजना आखता आखता कक्षेतील कचरा काढण्याच्या तंत्रालाच हात घातला.

प्रस्तुत ग्रंथ ज्यांना प्रत्यक्ष उपग्रह बांधायचा आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या प्राध्यापकांसाठी लिहिला आहे. प्राचार्य आणि संस्थाचालक यांनीही तो वाचावा अशी इच्छा आहे, कारण आठ वर्षे चालणाऱ्या कामाला दरसाल नव्याने मंजुरी मागावी लागली तर ते काम होत नाही. गणित जेथे टाळता आले तेथे टाळले आहे. विजेचा जमाखर्च, उष्णतेचा ताळेबंद आणि रेडिओदुव्याची आकडेमोड या तीन ठिकाणी मुळीच टाळलेले नाही, आणि त्यांची उदाहरणे शेवटपर्यंत सोडवून दाखवली आहेत. यशस्वी उपग्रहांइतकीच जागा अयशस्वी उपग्रहांना दिली आहे, मात्र ज्यांची कारणे त्यांच्या कर्त्यांनी स्वतः प्रसिद्ध केली त्यांनाच. रेडिओलहरींचा परवाना, कक्षेची नोंदणी आणि प्रक्षेपणाचा करारनामा यांचे नियम बदलत राहतात, म्हणून त्यांचा पाठ न देता अर्जांचा क्रम आणि प्रत्येकाला साधारण किती आधी हात घालावा एवढेच सांगितले आहे. वाचकाने परवान्याचा अर्ज उपग्रहाच्या पहिल्या सर्किटबरोबरच लिहावयास घ्यावा, कारण तयार उपग्रह परवान्यासाठी कपाटात पडून राहिला की त्याची बॅटरी म्हातारी होते आणि त्याला ओळखणारी तुकडी पदवी घेऊन निघून जाते.